आईचं पान कोणी खाल्लं

आमच्या वसाहतीच्या कमिटीच्या अध्यक्षानं मला फसवलं. समोर उभं राहून, हसत हसत, हातात झाडांना पाणी घालायचा पाइप धरून फसवलं. आणि मी माझ्या मुलीच्या कुत्रीला फसवलं. दुसऱ्या गोष्टीची कबुली मी चारचौघांत दिलेली आहे. पहिलीची अजून कोणी दिलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी मूळचा बार्शीचा. आई आठवडी बाजारात मिरच्या विकायची आणि मी तिच्या पोत्याला टेकून अभ्यास करायचो. गिऱ्हाईक वरच्या मिरच्या बघून भाव करायला लागलं की आई मला हळूच सांगायची, "हे फसणार. माल उलटून बघावा माणसानं." पुढे मी शिकलो, ह्यूस्टनला आलो, दहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पाइप आणि व्हॉल्व्ह विकले आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. आईचं ते वाक्य एवढं एकच भांडवल मी घरून आणलं होतं. माल उलटून बघितल्याशिवाय मी कधी काही घेतलं नाही. घरसुद्धा.

२००५ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये घर घ्यायचं ठरलं. मागे पावसाच्या पाण्याचा कालवा, कालव्यापलीकडे उंच गवताचं मोकळं रान. घर दाखवणारा माणूस सारखा म्हणत होता, "व्ह्यू बघा, व्ह्यू!" मला व्ह्यूशी देणंघेणं नव्हतं. मागे कोणी घर बांधणार नाही, एवढं मी टिपून घेतलं आणि सही करण्याआधी गल्लीत चौकशीला निघालो. शेजारचं घर बंद होतं. तिथली म्हातारी बहिणीकडे गेली होती. गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त गृहस्थ हिरवळीला पाणी घालत होते. तेच कमिटीचे अध्यक्ष. मी त्यांना सरळ विचारलं, "मागच्या गवतात काय राहतं?"

"ससे," ते म्हणाले. "आणि बदकं. मुलांना फार आवडतात."

"साप?"

"मी तरी नाही पाहिला." आणि हसले. मी पण हसलो. माल उलटून बघितला, अशी माझी समजूत झाली.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या म्हातारीशी भांडलो. तिच्या झाडाची फांदी माझ्या अंगणात आली होती. मी न विचारता करवत लावली, ती बाहेर येऊन ओरडली, मी तिच्याहून मोठ्यानं ओरडलो. मग वर्षभर आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. माझा स्वभाव असा आहे. त्या भांडणानं माझं काय नुकसान केलं ते मला फार उशिरा कळलं.

सप्टेंबरात पितृपंधरवडा आला. आई गेली तेव्हा मी इथेच होतो आणि तिच्या दिवसांनाही मला जाता आलं नव्हतं. म्हणून तिच्या तिथीला बायकोनं सगळा स्वयंपाक केला. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. अपार्टमेंटमध्ये इतकी वर्षं पान ठेवायला जागाच नव्हती. आता स्वतःचं अंगण होतं. कालव्याच्या बाजूला काळ्या लोखंडी गजांचं चार फुटी कुंपण आणि दोन्ही कोपऱ्यांना विटांचे खांब. त्यातल्या एका खांबावर मी केळीच्या पानावर आईचा घास ठेवला आणि वाट बघत उभा राहिलो.

कावळा काही आला नाही. या भागात कावळ्यासारखे काळे, लांब शेपटीचे पक्षी दुकानांच्या पार्किंगमध्ये शेकड्यांनी फिरतात, ते आले. तारेवर बसले, पान बघितलं आणि उडून गेले. दोन वाजले. ऊन असं, की खिरीवर साय धरली.

बायको दारातून म्हणाली, "अहो, जेवायला या आता. पोरगी भुकेनं कळवळतेय."

"शिवल्याशिवाय कसं जेवायचं?"

"आईंना कळत असेल, इथे कावळे मिळत नाहीत ते. चला."

आम्ही जेवलो. आईनं काहीतरी मनात ठेवलंय, असं वाटत राहिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पान चाटूनपुसून स्वच्छ! शीतही राहिलं नव्हतं. आमसुलाची चटणीसुद्धा गेली होती. मी खांबापाशी उभा राहून अक्षरशः रडलो. मग दाढीसुद्धा न करता चार मित्रांना फोन लावले.

पुढचा रविवार इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत माझाच होता. आमच्याकडे एक निवृत्त डॉक्टर काका आहेत, फार आधी इकडे आलेले. ते म्हणाले, "बारा वर्षं मी वडिलांचं पान ठेवतोय. बाल्कनीत, गॅरेजवर, बागेत. एकदाही शिवलं नाही रे. तुझ्याकडे कसं शिवलं?"

"काका, जागा मोकळी आहे. आणि आईला भाव कळत होता," मी म्हणालो.

सर्वपित्री अमावस्येला डॉक्टर काका आणि काकू वडे घेऊन माझ्या अंगणात हजर. त्यांच्यामागे आणखी चार कुटुंबं. दोन्ही खांबांवर पानं ठेवायला जागा पुरेना. सकाळी सगळी साफ! काकांनी मला मिठी मारली. मी त्या दिवशी मंडळातला सर्वांत मोठा माणूस होतो.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, आई रोज येते तर रोज का नको? म्हणून रोज संध्याकाळी जेवायच्या आधी एक घास खांबावर. पोळी, भाजी, वरणभात. हिवाळाभर, वसंतभर. रोज सकाळी पान रिकामं. ते उचलून मी कामाला जायचो आणि दिवसभर सौदे चांगले व्हायचे.

माझ्या मुलीशीही त्याच वर्षी माझा एक सौदा झाला होता. ती तेव्हा अकरा वर्षांची. तिला कुत्रं हवं होतं, आणि तिनं वर्षभर रविवारी मराठी शाळेत जावं असं मला वाटत होतं. तिनं माझ्याच पद्धतीनं भाव केला. सुट्टी न घेता वर्षभर शाळा, शेवटी परीक्षा, आणि मग कुत्रं. मी एक अट घातली, "तिला खायला घालणं, आंघोळ घालणं तुझं काम." तिनं उलट अट घातली, "आणि तिला सेफ ठेवणं तुझं." आम्ही हात मिळवला. तिनं एक रविवार चुकवला नाही. जूनमध्ये कुत्री घरी आली, पांढरी-तपकिरी, मांजरापेक्षा थोडी मोठी. मुलीनं तिला एका बिस्किटाचं नाव दिलं.

ऑगस्टमध्ये एकदा पहाटे सहाला मी चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी आलो. कुंपणापलीकडे एक जनावर मागच्या पायांवर उभं होतं. पुढचे पाय विटांच्या खांबावर टेकवलेले, आणि कालचा वरणभात चालला होता. राखाडी-पिवळट अंग, लांब काटकुळे पाय, उभे कान. कोल्ह्याचा थोरला भाऊ म्हणावा असं. मी दार उघडून ओरडलो, "हाड्! हाड्!"

ते हललं नाही. मान वळवून माझ्याकडे पिवळ्या डोळ्यांनी बघितलं, पान चाटून पूर्ण केलं आणि मग सावकाश गवतात गेलं. खानावळीतलं नेहमीचं गिऱ्हाईक उठून जावं तसं.

मागे मुलगी येऊन उभी होती. कुत्री तिच्या हातात थरथरत होती. "बाबा," ती म्हणाली, "दॅट्स नॉट अ डॉग. कायोटी आहे तो."

कायोटी म्हणजे इकडचा कोल्हा, मांजरं आणि छोटी कुत्री उचलून नेणारा. मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. रोजच्या घासाचा, वर्षभराच्या त्या अभिमानाचा अर्थ आता मला दिसत होता. डॉक्टर काकांना सांगणं भाग होतं, ते सांगितलं.

"म्हणजे माझ्या वडिलांचं पान कोल्ह्यानं खाल्लं?"

"काका, वडिलांना पोचलं की नाही ते मी सांगू शकत नाही. पान स्वच्छ झालं होतं, एवढं खरं."

"गाढवा," काका म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच फोन केला. "वडील शिकारी होते आमचे," म्हणाले. "चालेल त्यांना."

नगरपालिकेच्या प्राणी विभागाकडून एक माणूस आला. त्यानं खांब बघितला, खाली मातीत पंजांचे ठसे बघितले आणि विचारलं, "इथे ब्रेकफास्ट कोण वाढतं?" मी हात वर केला. तो हसला नाही. म्हणाला, आता पान बंद. कुत्रीचं भांडंसुद्धा बाहेर नको. पहाटे आणि तिन्हीसांजेला तिला एकटी सोडायची नाही. कायोटी समोर आलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही, हात उंच करायचे, मोठा आवाज करायचा. "तो वाईट नाही," म्हणाला, "पण त्याला तुमच्या कुंपणाची सवय झालीय. आणि चार फूट म्हणजे त्याला काहीच नाही. सहा फूट करा."

इथे स्वतःचं कुंपणसुद्धा वसाहतीच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही, म्हणून मी कमिटीकडे अर्ज केला. सहा फुटी लाकडी कुंपण. नकार. कालव्याच्या बाजूला चार फुटांपेक्षा उंच आणि आरपार न दिसणारं काही चालत नाही, व्ह्यू जातो. मी म्हणालो, बरं, सहा फुटी पण गजांचं. नकार. पाच? नकार. आयुष्यात इतका रूक्ष व्यापारी मी बघितला नव्हता. समोरचा काहीच मागत नसेल तर भाव करायचा कसा?

मग मी माझ्या धंद्याकडे वळलो. कायोटी सहसा एका उडीत कुंपण ओलांडत नाही. उडी मारून पुढचे पंजे वरच्या कडेवर टेकवतो आणि मागच्या पायांनी स्वतःला वर ढकलतो. ती कडच फिरती केली तर? दुकानातून प्लास्टिकचे पाइप आणले, तुकडे कापले, कुंपणाच्या वरून तार ताणली आणि त्यात पाइप ओवले. हात लावला की गरगर फिरायचे. दोन दिवसांनी पहाटे मी खिडकीतून बघितलं. त्यानं उडी मारली, पंजे टेकवले, पाइप फिरला आणि स्वारी आल्या वाटेनं धपकन खाली. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा खाली. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आठवडाभरात कमिटीचं पत्र आलं. विनापरवाना पांढरे पाइप, सौंदर्याला बाधा, दहा दिवसांत काढा. मी अध्यक्षांना फोन केला. "काढतो," मी म्हणालो, "तुम्ही फक्त लिहून द्या, की मागे कायोटी नाहीत."

"असं कसं लिहून देता येईल?"

"मग आहेत, असं लिहून द्या."

"तुम्ही चिडलेले आहात," ते म्हणाले. मी फोन आपटला.

बायको म्हणाली, "अहो, नव्या जागेत सगळ्यांशी किती भांडायचं? काढा आत्ता. मीटिंगमध्ये रीतसर मागू." ती बरोबर बोलत होती, नेहमीप्रमाणे. शुक्रवारी मी पाइप काढले.

रविवारी संध्याकाळी, अजून उजेड होता, कुत्रीला मागच्या अंगणात सोडली आणि मी तिच्याजवळ उभा राहिलो. फोन वाजला. एका व्हॉल्व्हच्या गिऱ्हाइकाला भाव कमी करून हवा होता. मी चिडलो, बोलता बोलता चालू लागलो आणि घराच्या कोपऱ्याला वळलो. पाच-सहा पावलंच. मागून असा आवाज आला, की तो कुत्रीचा आहे हे आधी मला कळलंच नाही.

वळलो तेव्हा त्याच्या तोंडात तिचा मागचा पाय होता आणि तो तिला कुंपणाकडे ओढत होता. मी फोन टाकला आणि बार्शीच्या मोंढ्यातल्या शिव्या देत धावलो. पण माझ्याआधी बायको पोचली. एका हातात परात, दुसऱ्यात लाटणं. ती परात अशी वाजवत होती, की पलीकडच्या गल्लीतले लोक बाहेर आले. कायोटीनं कुत्रीला सोडलं, चार फुटी कुंपणावर पंजे टेकवले आणि सहज उडी मारून गेला. गेला तेव्हासुद्धा त्यानं एकदा खांबाकडे बघितलं.

कुत्री वाचली. पाय वाचला, पण ताठ झाला. एरवी प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी दवाखान्याच्या बाहेर मराठीत म्हणाली, "बाबा, तिला जपणं तुझं काम होतं." वर्षभराच्या रविवारांत शिकलेली मराठी. मी म्हणालो, "हो. माझं होतं. मी चुकलो." आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता काही कबूल केलं.

मीटिंग क्लबहाउसमध्ये होती. तीस-चाळीस माणसं. मी उठून कुंपणाची मागणी मांडली, कुत्रीचं सांगितलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "दुःखद आहे. पण कारण काय, तेही सगळ्यांना कळलं पाहिजे." आणि त्यांनी एक मोठा फोटो वर धरला. कालव्याच्या पायवाटेवरून काढलेला. माझा खांब, केळीचं पान, आणि खांबावर पंजे टेकवून जेवणारा कायोटी. "या घरातून रोज त्याला जेवण वाढलं जात होतं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बायकोनं माझा शर्ट मागून ओढला. बसा खाली, असा त्याचा अर्थ. मी बसलो नाही.

"हो," मी म्हणालो. "मी वाढत होतो. आमच्यात गेलेल्या माणसासाठी पक्ष्यांना घास ठेवतात. माझ्या आईसाठी ठेवत होतो. कोण खातंय ते मी बघायला हवं होतं. नाही बघितलं. माझी चूक. आता मला सांगा, हा फोटो कधी काढला?"

ते थांबले. "गेल्या हिवाळ्यात. कोणीतरी पाठवला."

"गेल्या हिवाळ्यात माझी कचऱ्याची पेटी दुपारपर्यंत बाहेर राहिली, म्हणून तुम्ही मला पत्र पाठवलंत. मग कायोटी माझ्या खांबावर जेवतोय, हे सांगायला कागद संपला होता का?"

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, तुम्ही खायला घालायला लागण्याआधी या भागात कायोटीची एकही तक्रार नव्हती.

"होती की," मागच्या रांगेतून आवाज आला. माझी शेजारीण, म्हातारी, वर्षभर जिच्याकडे मी बघितलं नव्हतं. काठी टेकत उभी राहिली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. "माझं मांजर कायोटीनं गेल्या वर्षी वसंतात उचलून नेलं. मी स्वतः तुमच्या घरी येऊन पत्र दिलं. तुम्ही म्हणालात, वार्तापत्रात छापू नका, शेजारचं घर विकायचंय, लोक घाबरतील. ही त्याची प्रत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला सांगायला मी पहिल्या आठवड्यात आले होते. तुमच्या हातात करवत होती."

मी खाली बसलो. तेव्हा बसावंच लागलं.

शेजारचं घर म्हणजे माझं घर. वसंतात अध्यक्षांच्या हातात ते पत्र आलं, आणि उन्हाळ्यात मी त्यांच्या हिरवळीवर उभा राहून विचारलं, मागे काय राहतं. ससे आणि बदकं.

त्या मीटिंगमध्ये फिरत्या पाइपांना परवानगी मिळाली, काळ्या रंगात. आज कालव्याकाठच्या बऱ्याच घरांवर ते आहेत, आणि त्यातले बरेच मी माझ्या हातानं बसवले आहेत, पहिले म्हातारीचे. आईच्या तिथीला मी अजून पान ठेवतो, पण अर्धा तास परात हातात घेऊन शेजारी उभा राहतो आणि मग पान आत आणतो. आईला हा सौदा मान्य असावा. पण त्या पत्राचं आणि सशांचं काय? त्यावर मीटिंगमध्ये अध्यक्ष एवढंच म्हणाले, "पुढचा विषय," आणि पुढचा विषय होता ख्रिसमसच्या दिव्यांचा.

आता त्यांनी स्वतःचं घर विकायला काढलंय. तेही कालव्याला लागून. परवा रविवारी मी कुत्रीला दोरीला धरून, तिच्या ताठ पायाच्या चालीनं, त्यांच्या घरावरून चाललो होतो. हिरवळीवर एक तरुण जोडपं उभं होतं, बोलण्यावरून नागपूरकडचं, आणि त्यातल्या मुलीच्या कडेवर छोटंसं कुत्रं. अध्यक्षांच्या हातात तोच पाण्याचा पाइप. दुसरा हात मागच्या गवताकडे.

मी थांबलो आणि त्या जोडप्याला मराठीत म्हणालो, "त्यांना विचारा, मागे काय राहतं." त्या मुलानं विचारलं. अध्यक्षांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कुत्रीच्या पायाकडे. पाणी बंद केलं आणि काही न बोलता घरात गेले. दार लागलं. जोडपं निघून गेलं. कुत्री आणि मी बराच वेळ तिथेच उभे होतो.

माझ्या चुकीचं उत्तर मी माझ्या मुलीला दिलं, आणि सगळ्या गल्लीसमोर दिलं. अध्यक्ष महाशय, आता तुमची पाळी आहे. त्या उन्हाळ्यात मी तुम्हाला विचारलं तेव्हा म्हातारीचं पत्र तुमच्या घरात होतं. हो की नाही? होतं, तर मला ससे का सांगितलेत? दार उघडा, बाहेर या आणि या कुत्रीसमोर उत्तर द्या.